नवव्या प्रश्नाचे उत्तर : दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या एका कामगाराचे प्रकरण

हे प्रकरण आमच्या क्षेत्रीय अभ्यासातील एका सहभागी व्यक्तीचे आहे. ओळख पटू नये म्हणून वय, कुटुंबाची रचना आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत आणि गावाचे नाव दिलेले नाही. त्यांची व त्यांच्या पत्नीची या लेखनाला संमती आहे. सर्वेक्षक ताई त्यांना दादा म्हणत असत, म्हणून येथेही त्यांना दादाच म्हटले आहे.

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेचे वर्ष दोन छाटण्यांवर चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळाची, म्हणजे गोडी छाटणी. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंतचे सुमारे चार महिने फवारणीचे असतात. केवडा, भुरी हे रोग आणि फुलकिडे, मिलीबग या किडी यांपैकी कशाचा ना कशाचा घोर बागायतदाराला लागलेलाच असतो, आणि त्यात अवकाळी पाऊस आला की केवड्याच्या धास्तीने सकाळी मारलेली फवारणी संध्याकाळी पुन्हा मारली जाते. निर्यातीच्या मालातील औषधांच्या उर्वरित अंशांची प्रयोगशाळेत काटेकोर तपासणी होते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षे युरोपात नाकारली गेली, आणि तेव्हापासून कोणत्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतील अंतर, किती दिवसांचा, हे इथल्या बागायतदारांच्या तोंडी असते. मण्याची तपासणी इतक्या निगुतीने होत असताना तेच औषध ज्याच्या अंगावर दिवसभर उडते त्या माणसाचे रक्त मात्र कोणीच तपासत नाही. आमच्या अभ्यासाची सुरुवात या विसंगतीतून झाली.

दिंडोरी तालुक्यातील काही गावांत फवारणीचे काम करणाऱ्या पुरुषांना एका हंगामात दोनदा भेटायचे, असा आराखडा होता. पहिली भेट सप्टेंबरमध्ये, छाटणीपूर्वी. दुसरी डिसेंबरमध्ये, फवारणी ऐन भरात असताना. दोन्ही वेळा फवारणीच्या सवयी, झोप, दारू, तंबाखू आणि मनःस्थिती यांविषयी प्रश्न विचारायचे आणि रक्ताच्या लाल पेशींतील कोलिनेस्टरेज या विकराची (एन्झाइमची) पातळी मोजायची, असे ठरले. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके हे विकर निकामी करतात. निकामी झालेले विकर लाल पेशी नव्याने तयार करू शकत नाहीत. नव्या पेशी येतील तसतशीच पातळी हळूहळू वर येते, त्यामुळे ही तपासणी काही आठवड्यांचा संपर्क दाखवू शकते. माणसामाणसांतील नैसर्गिक फरक मोठा असल्याने आकडा प्रयोगशाळेच्या सर्वसाधारण मर्यादेशी ताडून चालत नाही. त्याच माणसाच्या फवारणीपूर्व आकड्याशी ताडावा लागतो.

मनःस्थितीसाठी आम्ही २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली, जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घेतली. गेल्या दोन आठवड्यांत काय जाणवले, याला प्रत्येक प्रश्नागणिक शून्य ते तीन गुण मिळतात आणि एकूण बेरीज २७ पर्यंत जाते. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले की नैराश्याची शक्यता धरून पुढची तपासणी करावी, असा प्रघात आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो.

भाषेवर आम्ही बराच वेळ दिला, तरी पहिल्याच आठवड्यात ठेच लागली. आमच्या कागदावर प्रश्न होता, 'सध्या कोणते औषध घेता का?' ग्रामीण भागात कीटकनाशकाला औषधच म्हणतात आणि 'त्याने औषध घेतले' या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. दोन घरांत हा प्रश्न ऐकून बायका चपापल्या. पुढे आम्ही 'दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत का?' असे विचारू लागलो.

समस्या

दादांचे वय चाळिशीच्या आतले. दोन बिघे कोरडवाहू जमीन, पत्नी, शाळेत जाणारी मुलगी आणि म्हातारी आई. ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरने ते दुसऱ्यांच्या बागा फवारून देत आणि दर टाकीमागे पैसे घेत. सप्टेंबरच्या भेटीत त्यांचे गुण कमी होते आणि नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य होते.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सर्वेक्षक ताई पुन्हा गेल्या तेव्हा बेरीज सोळा झाली आणि नवव्या प्रश्नाला त्यांनी 'अर्ध्याहून अधिक दिवस' असे उत्तर दिले. ताईंनी आराखड्यात सांगितल्याप्रमाणे त्यांना टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापलेला कागद दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली ही सेवा चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. दादांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि विचारले, "ताई, इथं फोन केला तर घरी पोलीस येतात का?" याचे उत्तर ताईंना आम्ही कधीच सांगितलेले नव्हते. त्या म्हणाल्या, "नसतील येत, दादा." त्या उत्तराने कोणाचे समाधान होणार होते?

ही नोंद माझ्यापर्यंत पोहोचायला तीन दिवस लागले. टॅबमध्ये धोक्याची सूचना एकूण गुण वीसच्या पुढे गेले तरच येईल, अशी आम्हीच केलेली मांडणी होती. नवव्या प्रश्नाला स्वतंत्र सूचना जोडण्याचे आमच्या कोणाच्याही डोक्यात आले नव्हते. तिसऱ्या संध्याकाळी नोंदी चाळत असताना मला ती ओळ दिसली. हा दोष तंत्राचा नाही, आराखडा लिहिणाऱ्यांचा, म्हणजे आमचा आहे, आणि ते तीन दिवस आठवले की अजूनही अंगावर काटा येतो.

त्याच दिवशी रक्ताचा अहवालही आला होता. प्रयोगशाळेच्या मते तो 'मर्यादेत' होता. सप्टेंबरच्या आकड्याशी ताडल्यावर मात्र पातळी सुमारे एक तृतीयांशाने उतरलेली दिसली. फवारणी कामगारांच्या नियमित रक्ततपासणीची सक्ती असलेल्या कॅलिफोर्नियात लाल पेशींतील पातळी स्वतःच्या मूळ आकड्यापेक्षा ३० टक्के किंवा अधिक उतरली की कामगाराला त्या कामावरून बाजूला करावे लागते आणि ती ८० टक्क्यांवर येईपर्यंत परत घेता येत नाही. आपल्याकडे व्यवहारात तसे होत नाही, पण शरीर तेच आहे.

पर्यायांचा विचार

त्या रात्री फोनवर आम्ही चौघे बोललो. पहिला मतभेद निदानाचा होता. थकवा, झोप न येणे, भूक मंदावणे, लक्ष न लागणे, हालचाली संथ होणे, हे प्रश्नावलीतील पाच मुद्दे नैराश्यात दिसतात तसे कीटकनाशकाच्या दीर्घ संपर्कातही दिसू शकतात. शिवाय डिसेंबरात निफाड-दिंडोरीकडे थंडी कडाक्याची पडते, बागा वाचवण्यासाठी रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि थ्री फेज वीज रात्रपाळीची असेल तर पाणी भरायला उठावेच लागते. झोपेच्या प्रश्नाला या हंगामात शून्य गुण मिळणारा माणूस शोधूनच काढावा लागेल. म्हणून एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले की ही बेरीज विषबाधेची आहे, आधी रक्ताची दुसरी तपासणी करावी. ते म्हणणे आम्ही ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. पहिल्या आठ प्रश्नांवर वाद घालता आला असता, नवव्यावर नाही. कारण रसायन असो की कर्ज, मरणाचा विचार मनात येतो म्हणणाऱ्या माणसाकडे आधी जावे लागते.

दुसरा प्रश्न गोपनीयतेचा. संमतीपत्रात आम्ही लिहिले होते की उत्तरे कोणालाही सांगितली जाणार नाहीत. त्यात अपवाद नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेच्या कर्तव्याला जिवाच्या धोक्याचा अपवाद आहे, आणि संशोधनाच्या नीतिनियमांतही सहभागी व्यक्तीचे हित सर्वांत वर असते. तरी घरच्यांना परस्पर सांगितले असते तर दादांचा आमच्यावरचा विश्वास तिथेच संपला असता, आणि मग पुढची कोणतीही मदत त्यांनी घेतली नसती. म्हणून ठरले की आधी त्यांनाच भेटायचे, पत्नीला सांगण्याची परवानगी मागायची. नकार मिळाला आणि धोका तातडीचा वाटला, तरच परवानगीशिवाय सांगायचे, आणि सांगणार आहोत हेही त्यांना तोंडावर सांगायचे.

तिसरा प्रश्न घरातल्या औषधांचा होता. श्रीलंकेत १९९० च्या दशकात सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. त्याच देशात घरोघरी कुलूपबंद पेट्या वाटून केलेल्या मोठ्या चाचणीत मात्र फरक दिसला नाही; किल्ली घरातच असते, हे त्याचे एक कारण असावे. तमिळनाडूत दोन गावांत सामायिक साठवण खोली करून पाहिली, ती लोकांना पटली. यावरून आम्ही इतकेच घेतले की पेटी देऊन भागणार नाही. डबे घराबाहेर आणि दुसऱ्याच्या किल्लीखाली जायला हवेत.

चौथा पर्याय, त्यांना लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार विभागात नेण्याचा, सगळ्यांनाच योग्य वाटत होता. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडणार होती आणि संशोधनाच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी एक रुपयाही नव्हता.

केलेली कार्यवाही

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वेक्षक ताई आणि मी गेलो. दादा बागेत होते. बागेत जाऊन बोलायचे नाही, हे मी वाटेत ठरवले होते, कारण तिथे मालक, ड्रायव्हर, टोळीतले मजूर सगळे असतात. आम्ही दीड तास ओट्यावर बसून राहिलो. माजघराच्या दारामागे फळीवर बाटल्या होत्या. काहींच्या लेबलवरचा लाल त्रिकोण दुरूनही दिसत होता, आणि त्याच फळीच्या खालच्या खणात मुलीचे दप्तर. तो खण मला अजून दिसतो.

दादा आल्यावर आईला देवळात जायचे होते, वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाण्याला गेल्या, आणि आम्हाला वेळ मिळाला. मी आडवळणाने न जाता विचारले, "दादा, स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?" असे सरळ विचारल्याने मनात नसलेला विचार पेरला जातो, ही भीती खूप जणांना असते आणि ती खरी नाही. ते बराच वेळ टोपीची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "येतं. पोरीचं तोंड दिसलं की जातं. पण आता रात्रीचं येतं, तवा ती झोपलेली असती."

मग ते स्वतःहून बोलत गेले. त्यांच्या मते सगळे ऑक्टोबरमध्ये सुरू झाले होते. छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात; इथे त्याला पेस्टिंग म्हणतात. त्या आठवड्यात पेस्टिंगच्या कामावर असताना संध्याकाळी थोडी घेतली की त्यांचा चेहरा लालबुंद होई, छाती धडधडे, श्वास अडके. दोन दवाखाने झाले, सलाईन झाले, हृदयाचा आलेख काढला. आलेख चांगला आला, तेव्हा त्यांनी असा अर्थ लावला की डॉक्टर खरे सांगत नाहीत. आपल्याला हृदयविकार आहे, आपण मुलीला उघड्यावर टाकून जाणार, आणि उपचारासाठी आणखी उसने घेण्यापेक्षा... इथे ते थांबले.

सायनामाइड शरीरातील अल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे विकर रोखते. दारूपासून तयार होणारे असिटाल्डिहाइड पुढे फुटत नाही, साचते आणि नेमकी हीच लक्षणे देते; दारू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरामचे कार्यही असेच चालते. मी त्यांना हे साध्या शब्दांत सांगितले. त्यांनी तीनदा विचारले, "म्हंजे काळीज चांगलं आहे?" अडीच महिने बाळगलेली भीती एका परिच्छेदाएवढ्या माहितीने हलली. मनाचे आजार असे माहितीने बरे होत नसतात आणि त्यांचाही झाला नाही. पण ही माहिती त्यांना ऑक्टोबरमध्येच मिळायला हवी होती, आणि आमच्या सप्टेंबरच्या प्रश्नावलीत फवारणीचे बारा प्रश्न असूनही पेस्टिंगचा एकही नव्हता.

पोलिसांच्या प्रश्नाचेही उत्तर दिले: मदतीसाठी फोन करणे हा गुन्हा नाही. त्यानंतर त्यांनी वहिनींना सांगण्यास होकार दिला. वहिनी ऐकत असताना काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि दप्तर खणातून काढून आतल्या खोलीत ठेवून आल्या. त्याच दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटलो आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गाडीतून मानसोपचार विभागात गेलो. तिथे औषधोपचार सुरू झाले आणि ठरावीक दिवसांनी भेट ठरली.

डबे बागायतदाराच्या शेडमध्ये, त्याच्या कुलपात गेले. बागायतदाराला काय सांगायचे हा या प्रकरणातला मला सर्वांत अवघड वाटलेला निर्णय होता. दादांच्या संमतीने आम्ही फक्त रक्ताचा अहवाल सांगितला: रक्तातला एक घटक उतरला आहे, सहा आठवडे फवारणी आणि औषधांची हाताळणी नको. हे खरे होते, पण अर्धेच होते. बागायतदार भला माणूस निघाला. त्याने घडांना कागद लावण्याचे काम दिले, पण त्या कामाची रोजंदारी टाकीच्या दरापेक्षा कमी होती. फरक भरून देण्यासाठी आम्ही संशोधनाच्या नीतिसमितीकडे आराखड्यात दुरुस्ती मागितली. पैसे हे सहभागासाठीचे आमिष ठरू नये, ही समितीची शंका रास्त होती. मंजुरी आली तोवर जानेवारी संपत आला होता. मधल्या काळात पहिली झळ त्या घरानेच सोसली.

परिणाम

जानेवारीच्या अखेरीस दादांचे गुण नऊवर आले आणि नवव्या प्रश्नाला उत्तर शून्य आले. सुधारणा औषधांनी झाली, फवारणी थांबल्याने, हृदयाची भीती गेल्याने, की वहिनींना कळल्याने, हे एका माणसावरून ठरवता येत नाही आणि आम्ही ठरवलेले नाही. मानसोपचार विभागात ते दोनदा गेले. तिसऱ्या भेटीला काढणी सुरू झाली होती आणि ते गेले नाहीत. गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रातून मिळाव्यात म्हणून आम्ही केलेली विनंती मान्य झाली, पण महिनाभराने.

रक्ताच्या तपासणीने मात्र आम्हाला चक्रावून टाकले. सहा आठवड्यांनी पातळी सप्टेंबरच्या आकड्यावर येईल अशी अपेक्षा होती. ती त्याच्याही वर गेली. प्रयोगशाळेने नमुना पुन्हा मोजला, आकडा तोच. मग मी दादांना विचारले की सप्टेंबरच्या आधी तुम्ही कोठे होता. ते म्हणाले, "बागलाणात. जुलैपासून." सटाणा-बागलाणकडे अर्ली, म्हणजे लवकरच्या हंगामाच्या, द्राक्षाची छाटणी दिंडोरीच्या कितीतरी आधी होते आणि तिथला हंगाम धरून ते दर वर्षी दीड-दोन महिने फवारणी करून येत. म्हणजे ज्या आकड्याला आम्ही 'फवारणीपूर्व' म्हणत होतो, तो घेताना त्यांच्या शरीरात आधीच दोन महिन्यांचे औषध होते. डिसेंबरची घट एक तृतीयांश नव्हती, त्याहून मोठी होती. आमचे वेळापत्रक बागेचे होते. माणूस बागेबरोबर जिल्हाभर फिरतो हे त्यात नव्हते. अशी आणखी किती माणसे आमच्या यादीत आहेत, हे तपासण्यासाठी सगळ्यांच्या उन्हाळ्यानंतरच्या कामाच्या जागा पुन्हा विचारून घ्याव्या लागल्या, आणि काहींचे पहिले आकडे विश्लेषणातून वगळावे लागले.

दादांची डिसेंबरनंतरची नोंद अभ्यासात ठेवावी की नाही, यावरही चर्चा झाली. आमच्या हस्तक्षेपाने ती बदललेली होती. आम्ही ती ठेवली, वेगळी खूण करून. आकडा शुद्ध राहावा म्हणून वाट पाहत बसणे हा पर्याय कोणी सुचवला नाही, याचे मला समाधान आहे.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट सूचनेची. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले की त्याच तासात डॉक्टरांना फोन जाईल आणि सर्वेक्षक घर सोडण्यापूर्वी डॉक्टर त्या व्यक्तीशी बोलतील, अशी मांडणी आता आहे. नेटवर्क नसेल तर साधा फोन. टॅबवर भिस्त नाही. हे पहिल्या दिवसापासून असायला हवे होते, कारण प्रश्न आमचा होता.

संमतीपत्रात गोपनीयतेचा अपवाद आता ठळक लिहिला आहे आणि तो वाचून दाखवला जातो. यामुळे काही जण नवव्या प्रश्नाला खरे उत्तर देणार नाहीत, हा आक्षेप बरोबर आहे. तो तोटा आम्ही पत्करला आहे. मजुरीची भरपाई, गाडी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच झालेला लेखी करार, या तिन्ही गोष्टी पहिल्या भेटीपूर्वी नीतिसमितीकडे जायला हव्या होत्या. माणूस अडचणीत असताना अर्जाच्या रांगेत उभे राहण्याची वेळ येऊ नये.

सर्वेक्षक ताईंकडे आम्ही उशिरा पाहिले. 'नसतील येत' या आपल्या उत्तराने काही झाले असते तर, हा विचार त्यांना अनेक रात्री झोपू देत नव्हता, हे त्यांनी फेब्रुवारीत सांगितले. त्या चोवीस वर्षांच्या आहेत, शेजारच्याच गावच्या आहेत, आणि त्यांचे सासर-माहेर दोन्ही द्राक्षावर जगते. प्रशिक्षणात आम्ही त्यांना प्रश्न कसा विचारायचा ते दोन दिवस शिकवले होते. उत्तर ऐकल्यावर स्वतःचे काय करायचे, यासाठी एक तासही ठेवला नव्हता. आता दर आठवड्याला सर्वेक्षकांची बैठक होते आणि तिथे नोंदींची संख्या विचारली जात नाही.

बागायतदाराला अर्धेच खरे सांगण्याबद्दल मी अजून निश्चिंत नाही. तेव्हा दादांची इच्छा तीच होती आणि पुन्हा तशी वेळ आली तर बहुधा तेच करीन. पण त्या कुलपाची किल्ली ज्याच्याकडे होती, त्याला ती किती जपावी हे माहीत नव्हते.

नव्या प्रश्नावलीत पेस्टिंगचे चार प्रश्न आहेत आणि पेस्टिंगच्या दिवसांत, तसेच त्यानंतरही काही दिवस, दारू का घेऊ नये हे सांगणारा चित्रांचा कागद आहे. मात्र तो तयार करताना लक्षात आले की पेस्टिंगचे बहुतेक काम हाताने करणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या आमच्या अभ्यासात नव्हत्याच, कारण आम्ही घरोघर फिरलो आणि त्यांचे घर या तालुक्यात नाही. हंगामात ते बागेतल्या पडवीत राहतात आणि काम संपले की पिकअपमधून पाड्यावर परततात. त्यांची पहिली भेट पडवीत घ्यावी की छाटणीपूर्वी पाड्यावर जाऊन, हे ठरायचे आहे. मुकादम समोर बसलेला असताना नववा प्रश्न विचारायचा नाही, इतके ठरले आहे.